बाहेरच्या ताई आणि बाबांचा गुडघा

कचेरीत त्यांना सगळे 'बाहेरच्या ताई' म्हणायचे. नव्याने लागलेल्या माणसाला वाटायचं, या बाई कुठल्यातरी लांबच्या गावाहून आल्या असणार. खरं तर ताईंचं घर कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. जन्म तिथलाच, शाळा तिथलीच, आणि चाळिशी उलटली तरी आई-बाबांबरोबर मुक्काम त्याच घरात. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर ताई गंभीर चेहऱ्याने सांगत, "मुलाकडच्यांच्या पत्रात शुद्धलेखनाच्या फार चुका होत्या हो." त्यापुढे विचारायची कुणाची टाप नसे.

नाव पडलं होतं ते कामावरून. वर्तमानपत्र जुनं, पण आता कागदावर कमी आणि फोनवर जास्त वाचलं जाणारं. त्याच्या वेबसाइटच्या दोन आवृत्त्या निघत. एक शहरातल्या माणसांसाठी, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, ती 'आतली'. दुसरी इंग्रजीत, जगात कुठेही बसून या देशाकडे डोकावणाऱ्यांसाठी, ती 'बाहेरची'. लांबलचक हॉलच्या मधोमध लोखंडी कपाटांची रांग होती. कपाटांच्या अलीकडे आतल्या आवृत्तीचे प्रमुख तात्या आणि त्यांची माणसं बसत, पलीकडे ताई आणि त्यांच्या हाताखालच्या दोन मुली. बातमी अलीकडे जन्माला यायची, आणि लायक ठरली तर कपाटांना वळसा घालून पलीकडे जायची.

सगळ्याच बातम्या लायक ठरत नसत. मागे एकदा महापौर भर सभेत खुर्चीसकट आडवे झाले. आतल्या आवृत्तीत त्यावर आठवडाभर दिवाळी चालली. खुर्चीचा पाय कुणी ढिला केला, कुठल्या गटाचे लोक आधी हसले, सुतार कुणाचा मेहुणा, सगळं सगळं आलं. ताईंनीही ती बातमी इंग्रजीत बसवायचा प्रयत्न केला. पण आधी महापौर कोण ते सांगायचं, मग गट किती ते सांगायचं, मग मेहुण्याचं नातं उलगडायचं. तिथपर्यंत पोचेस्तोवर महापौर उठून घरी गेले असते. ताईंनी बातमी सोडून दिली. उलट नदीवरच्या नव्या पुलाचा संध्याकाळचा फोटो बाहेर असा काही गाजला की परदेशातली माणसं 'आम्हाला इथे यायचंय' म्हणून लिहायला लागली. आत मात्र त्या पुलावर एकच चर्चा: पाटीवर नाव कुणाचं, आणि समारंभाला कुणाला बोलावलं नाही.

"तुमच्या आवृत्तीत आपलं गाव किती सुंदर दिसतं हो, ताई," तात्या म्हणायचे. "कधीतरी राहायला यावंसं वाटतं."

"आणि तुमच्या आवृत्तीत बघितलं की आजच सोडून जावंसं वाटतं," ताई म्हणायच्या. मग दोघं मिळून चहाला जायचे. इतकी वर्षं कपाटांच्या दोन बाजूंना बसून त्यांचं भांडण जसं मुरलं होतं, तशी मैत्रीही.

ताईंच्या घरी या दोन्ही आवृत्त्यांचे वाचक होते. आई आतली वाचायची, खालच्या प्रतिक्रियांसकट, आणि त्यातल्या निम्म्या माणसांना ती ओळखायची. धाकटा भाऊ समुद्रापलीकडे नोकरीला होता. वय चाळिशीला टेकलेलं, डोक्यावर चंद्र उगवलेला, पण घरात अजून 'बाळ्या'च. तो बाहेरची वाचायचा. "ताई, आतलं वाचून मला कळतच नाही कोण कुणाला शिव्या देतंय," असं तो म्हणायचा. बाबा काहीच वाचायचे नाहीत. जन्मभर चौकात चष्म्याचं दुकान चालवलं, लोकांना वाचायला डोळे दिले, आणि स्वतः मात्र गप्पांवर जगले. दुकान विकून झालं तरी रोज सकाळी चौकात एक चक्कर असायचीच. खिशात बारीक पेचकस. कुणाच्या चष्म्याची काडी लोंबताना दिसली की बाबा त्याला हात धरून थांबवत.

त्या दिवशीही ते असेच बाहेर पडले होते.

ताई कामाला लागून फार वेळ झाला नव्हता. तेवढ्यात कपाटांच्या पलीकडून गलका ऐकू आला. बाजारचौकातल्या सिग्नलवर मधमाश्यांचा थवा येऊन बसला होता. लाल दिवा, पिवळा दिवा, हिरवा दिवा, सगळं त्या काळ्या लोंबत्या गोळ्याखाली गडप. वाहतूक ठप्प, बसगाड्या अडकलेल्या, दुकानांची दारं धडाधड बंद. आणि एक म्हातारा रस्त्याच्या ऐन मधोमध, सिग्नलच्या खांबाला लागून, खुर्ची टाकून बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही, असा निरोप छायाचित्रकाराने पाठवला होता. सोबत फोटो. समोरच्या गच्चीवरून काढलेला. म्हाताऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, कारण त्याने डोक्यावर छत्री धरली होती. जांभळ्या फुलांची, झालर लावलेली, बायकी छत्री.

ताई फोटोकडे बघत राहिल्या. ती छत्री त्यांनीच आईला वाढदिवसाला दिली होती.

"साहेब," त्या संपादकांच्या काचेच्या खोलीत शिरल्या, "हा म्हातारा म्हणजे आमचे बाबा."

संपादक अंगाने सडपातळ आणि उत्साहाने दांडगे. ते खुर्चीतून उठलेच. "काय सांगता! अहो, मग उभ्या काय राहिलात? पळा! बाहेरच्या आवृत्तीची आजची पहिली बातमी हीच. मथळा मला सुचलासुद्धा. एकाकी वृद्ध आणि त्याच्या मधमाश्या."

"ते एकाकी नाहीत, साहेब. आणि मधमाश्याही त्यांच्या नाहीत."

"तुम्ही आधी जा तर खऱ्या!"

ताई धावतच चौकात पोचल्या. पोलिसांनी दोऱ्या बांधून गर्दी लांब ठेवली होती. एका ओळखीच्या हवालदाराने दोरी वर उचलून ताईंना आत सोडलं आणि स्वतः मात्र चार पावलं मागे सरकला. बाबा छत्रीखाली मांडी घालून, म्हणजे एक पाय दुमडून आणि दुसरा सरळ सोडून, निवांत बसले होते. डोक्यावर थोड्याच अंतरावर तो गोळा संथ गुणगुणत होता.

"बाबा, हे काय चाललंय?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "त्यांना आवाज आवडत नाही."

"तुम्ही इथे बसलात कशाला पण?"

"बसलो कशाला? गुडघा! अगं, या बाया आल्या ढगासारख्या, आणि सगळे पळाले. मीही पळायला गेलो, तर गुडघ्यात अशी कळ आली की जागच्या जागी खिळलो. सायकलच्या दुकानवाल्याने पळता पळता एक खुर्ची माझ्याकडे ढकलली. देवमाणूस. मग बसलो."

"मग दुखायचं थांबल्यावर उठायचं ना!"

बाबांनी हनुवटीने कपड्यांच्या दुकानाकडे खूण केली. "उठणारच होतो. पण ते बघ, तिकडून दोघं-तिघं दगड मारायला लागले. आणि तो कापडवाला काठीला चिंध्यांचा बोळा बांधून, पेटवून घेऊन आला. जाळतो म्हणाला सगळ्या. मी म्हटलं, मी इथेच बसलोय, आता पेटव. गेला परत. मी उठलो की तो येणार, म्हणून बसलोय. पोलिसांनी मधमाश्यांच्या पेट्या पाळणाऱ्या कुणा बाईंना बोलावलंय म्हणे. त्या आल्या की मी मोकळा."

"भीती नाही वाटत?"

"सुरुवातीला वाटली. आता सवय झाली. तुझी आई रागावली की साधारण असाच आवाज असतो."

ताईंना हसू आवरेना. याच माणसाला त्या रोज संध्याकाळी गोळ्या घेतल्या का म्हणून दटावत असत.

दुपारी पेट्यांच्या बाई आल्या. पांढरा झगा, डोक्यावर जाळी. त्यांनी शिडीवर चढून तो अख्खा गोळा एखादं झोपलेलं मूल उचलावं तसा पेटीत उतरवून घेतला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. बाबा खुर्ची परत करायला सायकलवाल्याकडे लंगडत गेले. एकही माशी चावली नव्हती. घरी येऊन छत्री मिटली तेव्हा आत राहिलेल्या एकीने मात्र कानाच्या पाळीला कडकडून डंख केला.

इकडे ताईंनी बातमी लिहून काढली होती. बाबांचं नाव, गुडघा, खुर्ची, दगड, बोळा, सगळं घालून. संपादकांनी ती वाचली, मान डोलावली आणि पेन्सिल उचलली.

"गुडघा काढा."

"साहेब, गुडघा खरा आहे."

"खरा असेल हो! पण बाहेर गुडघ्याला कोण विचारतो? माणूस मधमाश्यांसाठी बसला, हे कसं वाचायला बरं वाटतं. गुडघ्यामुळे बसला म्हटलं की सगळी गंमतच गेली." त्यांनी गुडघा काढला, आणि मोकळ्या झालेल्या जागी आपला लाडका शब्द घातला: एकाकी.

ताई वाद घालणार होत्या. पण दुसऱ्या बातम्या खोळंबल्या होत्या, आणि साहेबांच्या पेन्सिलीपुढे कुणाचं चालत नसे. बातमी गेली.

आतली बातमी तात्यांच्या माणसांनी आधीच टाकली होती. तात्यांना बिचाऱ्यांना छत्रीखाली कोण आहे याचा पत्ताच नव्हता. 'मधमाश्यांमुळे बाजारचौक ठप्प. ज्येष्ठ नागरिकाच्या हट्टामुळे खोळंब्यात भर.' कुठल्या बसगाड्या कुठून वळवल्या, वीज खातं आणि उद्यान खातं यांनी एकमेकांकडे कसं बोट दाखवलं, असं सगळं त्यात होतं. दगड नव्हते. बोळा नव्हता. चौकातले दुकानदार म्हणजे आतल्या आवृत्तीचे वाचकही आणि जाहिरातदारही.

संध्याकाळी ताई घरी पोचल्या तर बाबा सुजलेल्या कानाला थंड फडकं लावून बसलेले, आणि आई हातात फोन घेऊन येरझाऱ्या घालतेय.

"वाचलंस? हे वाचलंस का तू?" आईने फोन ताईंच्या नाकाशी धरला. खालच्या प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, 'या आजोबांना घरी कोणी विचारत नाही वाटतं.' त्याला ढीगभर लोकांनी दुजोरा दिला होता. "मी विचारत नाही? मी? सकाळी दारातून निघताना विचारलं होतं मी, अहो कुठे चाललात? ऊन आहे, छत्री न्या, म्हणून माझी छत्री हातात दिली! आणि वर हे लोक मला—"

"तुला नाही गं, सगळ्यांनाच म्हणतायत," बाबा समजुतीने म्हणाले.

"तुम्ही कान धरून गप्प बसा!"

तेवढ्यात बाळ्याचा फोन आला. ताईंनी उचलला. नेहमी तो "काय गं, काय म्हणतंय गाव?" असं खिदळत सुरू करायचा. आज आवाज पार उतरलेला.

"ताई, बाबांचा फोटो माझ्या ऑफिसात भिंतीवर लावलाय लोकांनी. सगळे येऊन माझा हात हातात घेतायत. एकीच्या तर डोळ्यांत पाणी."

"मग छान की रे!"

"छान काय? 'एकाकी' लिहिलंय तिथे. ताई, खरं सांग. बाबा एकटे पडलेत का? मी इतक्या लांब येऊन बसलोय म्हणून ते रस्त्यावर माश्यांशी बोलत बसतात का? मी तिकीट बघतोय. उद्याचं मिळतंय."

एका शब्दाने एवढं सगळं केलं होतं. तोही साहेबांचा शब्द, पण गेला होता ताईंच्या टेबलावरून. आतली बातमी वाचून आई घायाळ, बाहेरची वाचून बाळ्या. गंमत म्हणजे दोघांना एकच गोष्ट लागली होती, की या म्हाताऱ्याला कुणी नाही.

"अरे वेड्या, गुडघा दुखत होता त्यांचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

मग ताईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आई रागावल्याच्या आवाजापाशी बाळ्याला हसू फुटलं. छत्रीतल्या माशीपाशी तर तो इतका हसला की पलीकडून कुणीतरी त्याला पाणी आणून दिलं. फोन बाबांकडे गेला. "तिकीट कसलं काढतोस? सुट्टी असेल तेव्हा ये, आणि येताना गुडघ्याला लावायचा तो पट्टा आण, चांगला असतो म्हणे तुमच्याकडचा," बाबा म्हणाले. आईने फोन घेतला आणि प्रतिक्रिया लिहिणाऱ्या एकेकाची कुंडली पोराला ऐकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई थेट काचेच्या खोलीत.

"साहेब, एकाकी काढायचंय."

"अहो, जगभर वाचलं गेलंय ते! आता काढून काय उपयोग?"

"वाचणाऱ्यांत माझा भाऊ होता. तो विमानात बसायला निघाला होता."

संपादक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी डोकं खाजवलं, मग हसले. "चुकलं माझं. शब्द काढून टाका. आणि हवं तर दुसरा लेख लिहा, तुमच्या मनासारखा. पण तात्यांनाही सांगा, त्यांच्याकडेही आलं पाहिजे. तिकडे तुमच्या वडिलांना हट्टी म्हटलंय म्हणे."

तात्यांना छत्रीखाली कोण होतं ते कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ताई, अहो त्यांनी माझ्या आईचा चष्मा तीनदा फुकट नीट करून दिलाय! आणि मी हट्टी लिहिलं!"

"हट्टी आहेतच ते. पण कारणाने."

त्या दिवशी प्रथमच ताईंची खुर्ची कपाटांना वळसा घालून अलीकडे आली. ठरलं असं की एकच लेख लिहायचा आणि तोच दोन्हीकडे द्यायचा, फक्त भाषा वेगळी. बोलायला सोपं होतं. पहिल्याच ओळीला तात्या अडले.

"'बाजारचौक, जिथे शहरातले चार मोठे रस्ते मिळतात.' हे आपल्या लोकांना सांगायचं? चौक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही?"

"बाहेरच्यांना नाही ना ठाऊक. आणि तुमचं हे काय? कुठली बस कुठून वळवली? परदेशातल्या माणसाने त्या बसने कुठे जायचंय?"

"अडकलेला माणूस कुठे निघाला होता ते नको कळायला? बसमध्ये एक बाई परीक्षेला चालली होती. तिचा पेपर बुडता बुडता राहिला. तिने तुमच्या बाबांना शिव्या दिल्या, त्या काय हवेतून?"

ताई विचारात पडल्या. बाहेरच्या वाचकाला त्या आजवर शिव्या कधी सांगतच नसत. "ठेवा," त्या म्हणाल्या. "बाईही ठेवा. पण मग बोळाही ठेवायचा."

आता तात्यांची पाळी होती. कापडवाला त्यांचा जुना जाहिरातदार. त्यांनी मजकुरातलं त्याचं नाव खोडलं. "नाव नको," ते म्हणाले, "पण बोळा ठेवू."

असं भांडत भांडत लेख तयार झाला. त्यात गुडघा होता, सायकलवाल्याची खुर्ची होती, परीक्षेची बाई होती, दगड होते, आणि शेवटी आईचं वाक्य जसंच्या तसं: "घरी कोणी विचारत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा घरी येऊन विचारावं."

लेख निघाला. आत नेहमीप्रमाणे काही जण तक्रार करायला टपलेलेच होते. चौक कुठे आहे हे आम्हाला काय शिकवता, असं त्यांनी सुनावलं. पण परीक्षेच्या बाईने लिहिलं, की मला दगडांचं माहीत नव्हतं, आजोबांना सांगा पेपर बरा गेला. आणि दुपारी एक प्रतिक्रिया आली, स्वतःच्या पुऱ्या नावानिशी: 'बोळा माझा होता. दुकानात नात होती, घाबरलो. आजोबांना भेटायला येतो.' कापडवाला खरंच आला. आईने आधी दारातच त्याची झडती घ्यावी तशी वर-खाली नजर फिरवली. मग चहा टाकला. जाताना बाबांनी त्याच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली.

बाहेरच्या आवृत्तीवर मात्र वेगळंच घडलं. मधमाश्यांबद्दल एक-दोघांनीच लिहिलं. बाकी पत्रांचा नुसता पाऊस, आणि सगळी गुडघ्यावर! कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापल्या गुडघ्याची हकीकत लिहू लागली. एका मच्छीमाराने बोटीतून उडी मारताना काय झालं ते कळवलं. एका निवृत्त नर्तकीने भिंतीला टेकून करायचा व्यायाम चित्र काढून पाठवला. कुणी तेल सुचवलं, कुणी पट्टा, कुणी नुसतंच 'मीही पळू शकलो नसतो' एवढं. संपादक ती पत्रं वाचत कपाटांच्या दोन्ही बाजूंना फिरत होते. "कमाल आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "कमाल आहे बुवा."

ताई सगळी पत्रं घरी नेऊन बाबांना वाचून दाखवू लागल्या. बाबांनी नर्तकीचा व्यायाम सुरू केला. आईला भिंतीवर पाठीचा डाग पडेल याची काळजी, म्हणून ती मागे चादर धरून उभी राहायची.

ताईंचं काम काही पुरतं बदललं नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर, हे चालूच राहिलं. महापौर परत पडले असते तरी बाहेर त्यांची बातमी झाली नसती. पण आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून एक लेख लिहायचा, असं साहेबांनी ठरवून टाकलं. त्यासाठी एक लोखंडी कपाट जरा सरकवलं, आणि मधून माणूस जाईल एवढी वाट झाली. तात्या जाडे असल्यामुळे तिथून आडवे होऊन जातात.

खरा फरक पडला तो बाळ्यात. तो आतली आवृत्ती वाचायला लागला. सुरुवातीला रोज फोन करून विचारायचा, हा अमका कोण, तो तमक्यावर का चिडलाय. महिन्याभरात त्याला इतकं कळायला लागलं की तो प्रतिक्रियांमध्ये भांडायलाही लागला. आता तर कहर झालाय. परवा सकाळी आई अजून अंथरुणात होती, तोच समुद्रापलीकडून फोन.

"आई, ऊठ. आपल्या भागात उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेव. बातमी आलीय."

आईने धडपडत उठून नळ सोडला, आणि शेजारणीच्या दारावर थाप मारून तिलाही उठवलं. "उद्या पाणी नाही हो," ती ऐटीत म्हणाली. "आमच्या बाळ्याने परदेशातून कळवलंय."